औंध संस्थानातली पहिली निवडणूक आणि आपली शाखा

(महासंघाच्या कामानिमित्त तंजावर येथे जमलेल्या मराठी रेल्वे व पोस्ट कामगार प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवसभर आपण रिक्त जागा, पेन्शन, बदल्या आणि कंत्राटीकरण या प्रश्नांवर बोललो. उद्या पुन्हा तेच बोलायचे आहे. मधल्या या तासाभरात आम्ही आपल्यापुढे एक जुनी गोष्ट मांडणार आहोत. ती एका अगदी लहान राज्यात झालेल्या पहिल्या निवडणुकीची आहे. ते राज्य आपल्या सातारा-सांगली भागात होते आणि त्याचे नाव औंध. येत्या काही महिन्यांत आपल्या बऱ्याच शाखांच्या निवडणुका आहेत, म्हणून ही गोष्ट आज सांगावीशी वाटते.

गोष्ट औंधची आणि सभा तंजावरला, हे कसे, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. औंधचे राजघराणे म्हणजे पंतप्रतिनिधींचे घराणे. हे प्रतिनिधिपद निर्माण झाले ते याच तमिळ मुलखात. छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात असताना त्यांनी हे पद निर्माण केले आणि प्रल्हाद निराजींना दिले. पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबकांकडे आले. त्यांच्याच वंशाकडे औंधची गादी होती. म्हणजे औंधचे मूळ शोधत गेलो तर आपण तमिळनाडूतच येऊन पोचतो.

दुसरे असे, की तंजावर हेसुद्धा एके काळी फार लहान झालेले मराठी राज्य होते. इथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आपण पाहिला असेल. तो सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतला. त्याच्या चार वर्षे आधी, १७९९ मध्ये, इंग्रज कंपनीने तह करून सगळा मुलूख आपल्या ताब्यात घेतला होता. राजाकडे राहिला तो किल्ला, आसपासची थोडी जागा आणि तनखा. सरफोजी राजे विद्वान होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीला आणले. त्यांच्याइतका ज्ञानाचा लोभ असलेला राजा क्वचितच झाला असेल. पण त्या काळच्या कोणत्याही राज्याप्रमाणे तिथेही रयतेला मत नव्हते. १८५५ मध्ये पुढचे राजे वारले, मुलगा नव्हता, आणि कंपनीने उरलेलेही खालसा केले. कागद गेले, दप्तर गेले, आणि कारभारात रयतेचा कसलाच हात नसल्यामुळे तिला काही वाचवताही आले नाही.

आता औंधकडे वळू. आपल्यातल्या पुणे-मिरज मार्गावर काम केलेल्या लोकांना हा मुलूख नावाने नसला तरी रुळाने ठाऊक आहे. किर्लोस्करवाडी स्टेशन त्यातलेच. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा मिळाली ती औंधच्या राजांकडून. संस्थान एकसंध नव्हते. औंध इकडे, कुंडल तिकडे, आटपाडी दुष्काळी माणदेशात, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. मध्ये ब्रिटिशांचा मुलूख आणि दुसऱ्यांची संस्थाने. सगळे मिळून सुमारे ५०० चौरस मैल, ७२ गावे आणि पाऊण लाख माणसे. एखाद्या झोनल रेल्वेवर जेवढे कर्मचारी असतात, साधारण तेवढीच ही लोकसंख्या. नकाशावर शोधायला भिंग लागावे असे राज्य.

१९३७ मध्ये ब्रिटिश इलाख्यांत निवडणुका झाल्या. त्यांत मत कोणाला होते? ज्याच्याकडे मालमत्ता होती, जो कर भरत होता किंवा ज्याचे काही शिक्षण झाले होते त्याला. असे मतदार सगळ्या इलाख्यांत मिळून सुमारे ३ कोटी. संस्थानी रयतेला तर तेही नाही. देशात ५०० हून अधिक संस्थाने होती आणि त्यांतल्या माणसाने कर भरायचा, वेठ करायची आणि मुजरा करायचा. १९३८ साली ठिकठिकाणच्या प्रजा परिषदा जबाबदार राज्यपद्धती मागत होत्या. राजकोटला त्यासाठी सत्याग्रह चालू होता आणि लोक तुरुंगात जात होते.

अशा वेळी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी जाहीर केले की राज्यकारभार आम्ही प्रजेच्या हाती देणार. राजे तेव्हा सत्तरीत होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, चित्रकार, कीर्तनकार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. त्यांना साथ मिळाली मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरची. हा गृहस्थ बंगलोरच्या सरकारी विजेच्या कारखान्यात काम करायला आला आणि भारतानंद नाव घेऊन खादीत राहू लागला. ही मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. गांधीजींनी त्या विचाराला घटनेचा आकार दिला आणि राजांनाही अटी घातल्या. राजाने स्वतःच्या खाजगी खर्चाला मर्यादा घालावी, ही त्यातली मुख्य. राजांनी ती मानली. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना जाहीर झाली.

या घटनेतली निवडणूक कशी होती, ते नीट समजून घेऊ. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे. ती ग्रामपंचायत. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुक्याची समिती व्हायची. आणि तालुक्यांतून राज्याच्या विधिमंडळावर प्रतिनिधी जायचे. इमारत पायापासून वर बांधत न्यायची अशी ही रचना.

आता आपण म्हणाल, पंच तर गावात पूर्वीपासून होतेच. होते, पण त्यांच्या हाती पैसा नव्हता. औंधच्या घटनेतली खरी गोष्ट ती आहे. महसुलाचा मोठा वाटा गावातच राहावा आणि गावानेच तो विहीर, शाळा, रस्ता यांवर खर्च करावा असे धोरण ठरले. न्यायाचे कामही पंचायतीकडे आले. खटल्यासाठी वकील धरून, भाकरी बांधून तालुक्याच्या गावी हेलपाटे घालायचे, त्याऐवजी गावातच निवाडा. निवडून दिलेला माणूस, त्याच्या हातातला पैसा आणि त्याचा निवाडा, हे तिन्ही मत देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. पंचाने विहिरीचे पैसे खाल्ले तर ते पाहायला ऑडिटर कशाला हवा? पाणी लागले की नाही ते गावाला दिसतच होते.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. शिक्षा झालेल्या कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत. कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचे. त्यातही फ्रीडमन यांचा पुढाकार होता. १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट आला, त्याची मूळ प्रेरणा हीच वसाहत. त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच माणदेशचे. माणसावर विश्वास टाकला तर तो जबाबदारीने वागतो, ही एकच समजूत पंचायतीच्या मतदानामागे होती आणि त्या बिनभिंतीच्या तुरुंगामागेही.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रयोग नऊ वर्षांत संपला. विलीनीकरण व्हायलाच हवे होते. देश एक होत असताना ७२ गावांनी वेगळी चूल मांडणे योग्य नव्हते. पण गावाच्या हाती सत्ता आणि पैसा देण्याची गोष्ट मात्र मागे पडली. ग्रामपंचायतींना घटनेत भक्कम जागा मिळाली ती ७३व्या घटनादुरुस्तीने, आणि ती अमलात आली १९९३ साली. औंधच्या पहिल्या निवडणुकीनंतर तब्बल चोपन्न वर्षांनी.

बंधूंनो, आता या गोष्टीची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. राजाचा मोठेपणा सांगून टाळ्या घ्यायला आम्ही उभे नाही.

औंधमध्ये मत दिले ते राजाने. लोकांनी ते लढून घेतले नव्हते. मग ते खरे की खोटे? आमचे मत असे आहे की हक्क कोणाच्या हातून आला यापेक्षा तो पुढे वापरला गेला का, हे जास्त महत्त्वाचे. कुंडलकडे पाहा. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ज्या भागात उभे राहिले, त्यातले कुंडल हे मोठे ठाणे. जी. डी. बापू लाड तिथलेच. गावाचे तंटे गावाने सोडवायचे, सावकाराला आणि गुंडाला गावाने जाब विचारायचा, हे तिथे लोकांनी स्वतःच्या हिमतीवर आणि जिवावर उदार होऊन केले. ज्या मुलखात राजाने स्वराज्य कागदावर दिले होते, त्याच मुलखात लोकांनी ते हाताने उभे करून दाखवले.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याला राज्याचा पाया मानायला स्वच्छ नकार दिला. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर, अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते. माणूस हाच घटक, असे त्यांनी ठरवले. याचे कारण आपल्याला समजावून सांगायला नको. गावच्या चावडीसमोर पाच पंच एकमताने निवडले जातात, तेव्हा त्या एकमतात गावकुसाबाहेरच्या माणसाचे मत किती असते? पाटलाच्या डोळ्याला डोळा भिडवून हात वर करणे वेगळे आणि पडद्यामागे जाऊन एकट्याने पेटीत कागद टाकणे वेगळे. शिवाय पंचांनी अध्यक्ष निवडायचा, अध्यक्षांनी वरचे निवडायचे, अशा पायऱ्या वाढल्या की मूळ मतदार मागे राहतो.

म्हणून स्वतंत्र भारताने दुसरा मार्ग घेतला. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १७ कोटींहून अधिक मतदार, त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावले. अक्षर न येणाऱ्यालाही गुप्तपणे मत देता आले. त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. नाव नाही तर मत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आम्हाला लागणार आहे.

त्या निवडणुकीत या तंजावरने लोकसभेवर कोणाला पाठवले? आर. वेंकटरामन यांना. पुढे ते राष्ट्रपती झाले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या वेळी ते कामगारांचे वकील म्हणून ओळखले जात आणि कामगार कायद्यावरचे नियतकालिक त्यांनी १९४९ मध्ये सुरू केले होते. कामगार चळवळीतला माणूस इथून निवडून गेला. तरीही याच जुन्या तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी गावात, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री काय झाले? मजुरीत थोडी भाताची वाढ मागितली म्हणून दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेल्या ४४ माणसांना, त्यांत बहुतेक बाया आणि मुले, जाळून मारण्यात आले. त्या मजुरांना मत होते. तोवर देशात चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या. पण मत पाच वर्षांतून एकदा मिळते आणि मजुरी रोज लागते. पेटीत टाकलेल्या मताच्या मागे उभी राहणारी संघटना जिथे दुबळी, तिथे मतदार एकटाच पडतो.

तेव्हा औंधचे आणि बाबासाहेबांचे म्हणणे आपण एकमेकांविरुद्ध लढवायचे कारण नाही. आपल्या युनियनला दोन्ही हवेत. मत गुप्त आणि थेट हवे, बाबासाहेबांनी दिले तसे. आणि पैसा व निर्णय मत देणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हवेत, औंधच्या गावात होते तसे.

आता आपल्या घरात येऊ. रेल्वेत युनियनला मान्यता कोणाची, हे ठरवायला २००७ मध्ये पहिल्यांदा गुप्त मतदान झाले. पुन्हा २०१३ मध्ये आणि मग मोठ्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये. ट्रॅकमनपासून लोको पायलटपर्यंत रांगेत उभे राहून लोकांनी मत दिले. निकाल कोणाला आवडला, कोणाला नाही. पण कोणत्या युनियनने पीएनएममध्ये बसायचे हे कामगाराने ठरवले, साहेबाने नाही. पोस्टात मान्यता ठरते ती पगारातून वर्गणी कापण्याच्या संमतीवरून. पद्धत वेगळी, तत्त्व तेच. कामगाराची सही मोजली जाते.

पण वरच्या पातळीवर जे गुप्त मतदान आपण मागून घेतले, ते आपल्या शाखेत आपण करतो का? शाखेची सर्वसाधारण सभा ड्युटीच्या वेळी लागते. निम्मे लोक लाईनवर, निम्मे रात्रपाळीनंतर झोपलेले. पंचवीस-तीस माणसे जमतात. कोणीतरी जुनीच यादी वाचतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या होतात, आणि निवड बिनविरोध. बिनविरोध हा शब्द आपण मोठ्या अभिमानाने फलकावर लिहितो. चावडीवरचे एकमत आणि हे बिनविरोध यांत काय फरक आहे, ते आम्हाला कोणी सांगावे. नव्याने भरती झालेला मुलगा ती यादी ऐकतो आणि मनात म्हणतो, हे यांचे राज्य आहे, आपले काम फक्त वर्गणी देण्याचे. त्याने असे म्हटले की समजा आपले संस्थान खालसा व्हायला सुरुवात झाली.

याच चोळ मुलखातल्या उत्तिरमेरूर गावी दहाव्या शतकातला एक शिलालेख आहे, परांतक चोळाच्या काळातला. गावसभेच्या समित्यांवर माणसे कशी निवडायची याचे नियम त्यावर कोरले आहेत. तीस वॉर्ड, नावांच्या पानांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि लहान मुलाकडून काढवायच्या. ती लोकशाही होती असे आम्ही म्हणणार नाही. जमीन आणि वेदाध्ययन असलेल्यांपुरतीच ती होती. पण त्यातले दोन नियम आपण डोळे झाकून घ्यावेत असे आहेत. ज्याने समितीत काम करून हिशेब दिला नाही, तो अपात्र. आणि जो नुकताच समितीवर होता, त्याचे नाव तीन वर्षे पुन्हा मडक्यात टाकायचे नाही. हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेली ही गोष्ट आपल्या शाखेच्या फलकावर कागदाने चिकटवायला काय हरकत आहे?

म्हणून आम्ही तीन सूचना करतो. आपण त्या आपापल्या शाखेत मांडा.

पहिली, शाखेच्या पदाधिकाऱ्यांची निवड गुप्त मतदानाने व्हावी आणि मतदान तिन्ही पाळ्यांना सोयीचे व्हावे. एक उमेदवार असला तरी पेटी ठेवा. किती लोकांनी येऊन मत दिले, त्यावरून शाखा जिवंत आहे की नाही ते कळेल.

दुसरी, वर्गणीतला शाखेचा वाटा किती आला आणि कुठे गेला, याचा कागद दर तीन महिन्यांनी लॉबीत, गँग रूममध्ये, सॉर्टिंग हॉलमध्ये लागावा. औंधच्या गावाला विहीर दिसत होती, तसे आपल्या माणसाला खर्च दिसला पाहिजे. ज्याचा हिशेब फलकावर नाही, त्याचा अर्ज घेऊ नये.

तिसरी सूचना सगळ्यात अवघड. २०२४ च्या मतदानात कायम कर्मचाऱ्यांना मत होते. आपल्याच प्लॅटफॉर्मवर झाडू मारणारी, डब्यात चादरी वाटणारी, पिट लाईनवर गाडी धुणारी कंत्राटी माणसे त्या यादीत नव्हती. काम रेल्वेचे, गणवेश ठेकेदाराचा, आणि नाव कुठल्याच यादीत नाही. १९५२ मधल्या त्या २८ लाख बायकांसारखी ही माणसे अमक्या ठेकेदाराची माणसे म्हणूनच ओळखली जातात. मान्यतेच्या मतदानात त्यांना घ्यायचे की नाही ते रेल्वे बोर्ड ठरवील, आणि त्यासाठी आपण भांडू. पण आपल्या शाखेच्या रजिस्टरात त्यांचे नाव लिहायला, सभेत त्यांना बसवायला आणि बोलू द्यायला बोर्डाची परवानगी लागत नाही. पोस्टातल्या बंधूंनी रोजंदारीवरच्या माणसांबद्दल हाच विचार करावा.

काही जण म्हणतील, एवढ्याशा शाखेत एवढा खटाटोप कशाला? चाळीस-पन्नास माणसे, सगळी एकमेकांना ओळखणारी. त्यांना आमचे उत्तर असे, की औंध पाऊण लाखाचे होते आणि हिंदुस्थान चाळीस कोटींचा. तरी प्रौढ रयतेच्या हाती कारभार देण्याचे काम त्या लहान राज्यात आधी झाले. लहान जागेत माणूस माणसाला ओळखतो, म्हणून तिथे दडपण जास्त असते आणि तिथेच जाब विचारणेही सोपे असते. जे शाखेत जमत नाही ते दिल्लीच्या कार्यालयात जमेल, या भ्रमात आपण राहू नये.

बंधू-भगिनींनो, उद्याच्या सत्रात ठराव येतील, त्यांवर चर्चा होईल. या तीन सूचना ठरावाच्या रूपात आम्ही लेखी देत आहोत. ज्यांना पटतील त्यांनी सही करावी, ज्यांना पटणार नाहीत त्यांनी उठून विरोध करावा. विरोध झाला तर आम्हाला आनंदच होईल. मात्र मत मोजल्याशिवाय हा ठराव पास झाला असे कोणी लिहू नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!